न्हाणीमागचा गवती चहा

ताईनं घरामागं गवती चहा लावला तेव्हा तिच्या अंगावर एकही डाग नव्हता. ती नुकतीच दहावी होऊन घरी बसली होती. मी शाळेत होते, धाकटा भाऊ तर अजून पाटीवर गिरवत होता. अवसरीत आमचं घर गावाच्या कडेला, विटांचं, वर कौलं. मागच्या बाजूला न्हाणी. न्हाणीचं पाणी जिथं उतरायचं तिथं बारा महिने ओल असायची आणि त्या ओलीत अळू, दोन केळी आणि डास.

भाताची कामं उरकली की डोंगराकडची माणसं आमच्याकडं बटाटे काढायला यायची. त्यातली एक बाई ताईला फार मानायची, कारण दुपारचा चहा ताई सगळ्यांना सारखा द्यायची, घरच्यांना घट्ट आणि मजुरांना पाणचट असं करायची नाही. पुढच्या खेपेला त्या बाईनं ओल्या फडक्यात गुंडाळून गवती चहाचा एक ठोंब आणला. म्हणाली, "पाण्याच्या कडंला लाव. आन् तीन पाती टाकत जा चहात."

ताईनं अळू थोडा मागं सारला आणि तिथं तो ठोंब लावला. पावसाळ्यात त्याचं असं बेट झालं की न्हाणीत जाताना पाती अंगाला लागायची. त्याची धार बारीक असते. कापल्याचं आधी कळत नाही, साबण लागला की चुरचुरतं. आई कुरकुर करायची, पण ताईचा त्या बेटावर जीव. उन्हाळ्यात पात्यांची टोकं वाळून पिवळी पडली की ती विळ्यानं सगळं बेट हातभर ठेवून कापायची, मग खालून पुन्हा कोवळं फुटायचं. मधला गड्डा जुना झाला की खणून फोडायची आणि बाजूचे कोवळे फुटवे परत लावायची. कापलेली पाती सावलीत वाळवून डब्यात भरायची.

तिचा चहा करायचा एक क्रम होता. पाती धुवून त्यांची गाठ मारायची, आलं ठेचायचं, पाणी आणि साखर उकळली की गाठ टाकून झाकण ठेवायचं. पावडर शेवटी. दूध वेगळं तापवून वरून. दुपारच्याला शेजारच्या बायका हातातलं निवडणं-टिपणं घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि खरं सांगायचं तर त्या ताईच्या चहासाठीच यायच्या. शेजारची काकू तर कप नाकाशी धरून बराच वेळ नुसती बसायची. कुणाला सर्दी झाली की ताई त्याच पात्यांचा तुळस-मिरे घालून काढा द्यायची, वाफ द्यायची. दादा, म्हणजे आमचे वडील, थंडीत शेतात पाणी धरून आले की त्यांचे पाय ती गवती चहा घातलेल्या ऊन पाण्यात ठेवायला लावायची. दादा म्हणायचे, "पायाला कशाला गं चहा?" पण पाय काढायचे नाहीत.

पहिला डाग उजव्या हाताच्या बोटावर आला, पेराजवळ. आम्हाला वाटलं चुना लागलाय. तिनं घासून घासून बोट लाल केलं. लाली गेली आणि पांढरं तसंच राहिलं. मग दुसऱ्या हातावर, मग कोपरावर, आणि एका पावसाळ्यात खालच्या ओठाच्या कडेला तांदळाएवढा. त्या वेळी तिची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुलाकडची माणसं साखरपुड्याचं बोलायला आली, ओठाकडं बघितलं, जेवली आणि पुन्हा आलीच नाहीत. निरोपही आला नाही. महिनाभर दादा रोज रस्त्याकडं तोंड करून बसायचे, मग त्यांनी बाज उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला टाकली.

मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा रोग कुणाला लागत नाही, दुखत-खुपत नाही, गोळ्या देतो, बघू. आईला 'बघू' पुरेसं नव्हतं. तिनं एका वैद्याकडून बावचीचं तेल आणलं. ते लावून ताई उन्हात बसायची, कातडीला फोड यायचे, फोड फुटायचे आणि खालून पुन्हा पांढरंच निघायचं. दर संकष्टीला आई तिला एस्टीनं ओझरला विघ्नहराला घेऊन जायची. वैद्यानं दूध, दही, लिंबू, चिंच सगळं बंद केलं. म्हणून ताई बिनदुधाचा, नुसत्या पात्यांचा चहा प्यायला लागली. पिवळसर, पितळेच्या फुलपात्रात. मी एकदा चव घेऊन बघितली. उकळलेलं गवत.

बायकांनी येणं एकदम बंद केलं नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. त्या यायच्या, बसायच्या, बोलायच्या. चहाचं नाव निघालं की, "नको गं, आत्ताच पिऊन आले." काकूनं हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ताईनं खरं मानलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनं हातातलं भांडं पुन्हा फळीवर ठेवलं आणि त्यानंतर कुणाला विचारलंच नाही.

पण पाती त्यांना लागायची. सर्दीचे दिवस आले की काकू मागच्या दारानं यायची.

"चार पाती घेऊ का गं?"

"थांबा, देते तोडून."

"राहू दे, राहू दे. माझी मीच तोडते."

ताई बाजूला उभी राहायची. काकू बेट नीट कापायची नाही, ओरबाडायची, मुळासकट एखादा फुटवा निघायचा. तो फुटवा ताई नंतर परत मातीत दाबायची. एकदा मी चिडून म्हणाले, "कशाला देतेस त्यांना?" ताई म्हणाली, "खोकतंय त्यांचं पोरगं." आणि आत गेली.

मी मंचरला कॉलेजात जायला लागले तेव्हा ताईची सोयरीक हा विषय घरातून निघून गेला होता. आता माझी स्थळं यायला लागली. थोरलीच्या आधी धाकटीचं करायचं म्हणजे काय सांगायचं, यावर आई, दादा आणि मध्यस्थी करणारे चुलतमामा यांचं बरंच बोलणं झालं. मामा म्हणाले, "इचारलं तर मावशीकडं असती म्हणा. बाकी पुढचं पुढं बघू."

पिंपरी पेंढारचे पाहुणे आले ते दिवाळीनंतरच्या थंडीत, जीप करून. मुलगा, त्याचे वडील, आई आणि दोन-चार माणसं. पहाटेपासून ताई कामाला लागली होती. घर सारवलं, माझी साडी इस्त्रीला पाठवली, वेणी तिनंच घातली. पोहे तिनं केले, चहाचं आधण तिनं ठेवलं. जीपचा आवाज आला तशी आई स्वयंपाकघरात आली आणि ताईकडं न बघता म्हणाली, "तू आता मागं जा."

ताईनं चहा गाळला, कप ट्रेमध्ये लावले, कपांच्या कानांची दिशा सारखी केली. ट्रे माझ्या हातात दिला आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

चहा सगळ्यांना आवडला. मुलाच्या आईनं, म्हणजे पुढं ज्यांना मी आत्याबाई म्हणू लागले त्यांनी, पहिल्याच घोटाला विचारलं, "लई चांगला झालाय. कुणी केला?"

"हिनंच," आई म्हणाली.

"गवती चहा घरचा हाय का?"

"घरचाच. मागं बेट हाय मोठं."

"आमच्याकडं लावला व्हता, पर जगला न्हाई. एखादा ठोंब द्या की." असं म्हणून त्या उठल्याच. आई "बसा, बसा, आणून देते" म्हणत राहिली, पण त्या मागच्या दाराशी पोचल्या होत्या. मी ट्रे घेऊन त्यांच्या मागं गेले.

ताई बेटाच्या आडोशाला उकिडवी बसली होती. अंगावर घरातली विटकी साडी. आम्हाला बघून तिनं पदर ओठांवर ओढला आणि हात पोटाशी घेतले. आत्याबाईंनी आईकडं बघितलं.

आई म्हणाली, "कामाची बाई हाय."

मग लगेच ताईला म्हणाली, "अगं ए, पावण्यांना एक ठोंब काढून दे."

ताई उठली नाही. बसल्या बसल्या तिनं शेजारचा विळा घेतला, कडेचा एक चांगला फुटवा मातीसकट खणला, केळीच्या पानाचा तुकडा फाडून त्यात गुंडाळला. तो तिनं आत्याबाईंच्या हातात दिला नाही. न्हाणीच्या दगडावर ठेवला. आत्याबाईंनी तो उचलला आणि त्या आत गेल्या. मी तिथंच उभी होते. ताईनं मला मानेनं खुणावलं, आत जा म्हणून.

रात्री आम्ही जेवायला बसलो. ताईनं सगळ्यांना वाढलं. आईला भाकरी वाढताना तिचा हात जसा रोज चालायचा तसाच चालला.

होकार आला आणि लग्न झालं. लग्नाला ताई नव्हती. घर राखायला कुणीतरी पाहिजे, असं सगळ्यांना सांगितलं. घरातून लग्नाला निघताना मी तिच्या पाया पडले तेव्हा ती म्हणाली, "डोळं पुस, काजळ पसरतंय."

सासरी तो ठोंब आत्याबाईंनी हौदाच्या सांडपाण्यावर लावला होता आणि मी नांदायला जाईपर्यंत तो चांगला धरला होता. मला वाटायचं, ताईबद्दल इथल्या माणसांना एक दिवस कळेल आणि मग काय होईल? त्या धास्तीत माझे सुरुवातीचे दिवस गेले. हौदाकडं जायची वेळ आली की मी मान खाली घालायची.

मला मुलगी झाल्यावर एकदा आम्ही दोघी कांदे निवडत बसलो होतो. आत्याबाई सहज म्हणाल्या, "तुझी थोरली बहीण बरी हाय का?"

मी हातातला निवडलेला कांदा परत ढिगात टाकला.

"चौकशी केल्याबिगर कोण सोयरीक करतं, पोरी? मला ठावं व्हतं. बघायचंच व्हतं मला तिला, म्हणून तर मागं आले."

"मग तुमी बोलला नाही ते."

"काय बोलायचं? बोलले आसते तर तुझं मोडलं आसतं. मग तूबी तिच्याशेजारी बसली आसतीस." त्या कांद्याची पात ओढून काढत होत्या. "पर आईनं तसं बोलायला नको व्हतं."

त्यांनीच मग ताईला बोलावून घ्यायला सांगितलं. ताई आली, दोन दिवस राहिली. आत्याबाईंनी तिला जवळ बसवून जेवायला वाढलं, माझी मुलगी तिच्या मांडीवर दिली. मला इतकं बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पाहिलं, ताईचा कप आत्याबाईंनी वेगळा धुवून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवला होता. कान तुटलेला, एरवी कुणी वापरत नसलेला कप. ताईच्या ते आधीच लक्षात आलं होतं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा पिशवीतून स्वतःचं पितळेचं फुलपात्र काढलं आणि म्हणाली, "मी आणलंय माझं. मला ह्याचीच सवय हाय." आत्याबाईंनी त्यातच चहा ओतला. त्या वाईट बाई नव्हत्या. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं चांगलं माझ्याशी फार थोडी माणसं वागली. म्हणूनच ते कोनाड्यातलं मला कधी कुणाला सांगता आलं नाही.

त्यानंतर दादा गेले. भावाचं लग्न झालं, मग कौलारू घर पाडून स्लॅबचं घर झालं. न्हाणीच्या जागी टाइल्सची बाथरूम आली आणि मागं शोषखड्डा खणायचा म्हणून जेसीबी आला. ताईनं आदल्या दिवशी बेटातले फुटवे काढून रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये लावले आणि डबे गच्चीवर नेऊन ठेवले. गच्चीवर सावली नव्हती. ती बादली घेऊन रोज जिना चढायची. गवती चहाला पाय पसरायला जागा लागते, डब्यात तो खुरटतो. एका उन्हाळ्यात ताई मोतीबिंदू झालेल्या आईला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती, तेवढ्यात डबे वाळून गेले. भावजयीनं ते भंगारात दिले. ती ताईशी भांडायची नाही. फक्त आपलं बाळ तिच्याकडं द्यायची नाही आणि विचारलं की म्हणायची, "आत्ताच झोपलंय."

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी राहायला गेले. छातीत कफ भरलेला, खोकला थांबत नव्हता. मी जाताना पिंपरी पेंढारहून पात्यांची एक जुडी नेली होती. ताईनं काढा केला, गाळला, निवू दिला, आणि आईच्या डोक्याखाली हात घालून चमच्यानं पाजायला लागली. तोवर डाग तिच्या मनगटापर्यंत, गळ्यापर्यंत चढले होते. आईला दिसत कमी होतं, पण तिनं तो चमच्याचा हात धरला आणि त्यावरून आपली बोटं फिरवली.

"त्या दिवशी मी..." आई म्हणाली.

"आधी पी," ताई म्हणाली. "गार झालं की कडू लागतंय."

आईनं प्यायलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ताईनं पुढचा चमचा दिला. असं वाटी संपेपर्यंत चाललं. नंतर आईला झोप लागली. ते बोलणं राहिलं ते राहिलंच, त्या आठवड्यात आई गेली. मी ताईला एकदा विचारलं, "तू तिला बोलू का दिलं नाहीस?" ताई म्हणाली, "बोलून ती मोकळी झाली आसती. मग मी काय केलं आसतं?" हे ती रागानं म्हणाली नाही. मला आजही त्या बोलण्याचा पूर्ण अर्थ लागलाय असं नाही.

पुढं भावाला चाकणला कंपनीत नोकरी लागली. तो बायको-मुलांना घेऊन तिकडं राहायला गेला. शेती वाट्यानं दिली आणि स्लॅबच्या त्या घरात ताई एकटी राहिली. दरम्यान तिच्या अंगाला एक वेगळीच गोष्ट झाली. डाग वाढत वाढत एकमेकांना मिळाले. चेहरा, मान, हात, सगळं पांढरं झालं, मूळचा रंग कुठं कानामागं, कुठं पापणीपाशी तेवढा उरला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं. आता तिच्या अंगावर डाग दिसायचे नाहीत, कारण डागाशिवाय काही नव्हतंच. तिला ओळखणाऱ्यांना फरक पडला नाही. अनोळखी माणसाला मात्र ती एक फार गोरी, पिकलेल्या केसांची बाई दिसायची.

मी तिला भेटायला गेले होते त्या दिवशी पलीकडच्या खोल्यांत भाड्यानं राहायला आलेली एक तरुण सून चहाचे दोन ग्लास घेऊन आली. तिचा नवरा मंचरला कुठल्या तरी दुकानात होता आणि त्यांना येऊन थोडेच दिवस झाले होते. "मावशी, तुमच्याकडं पाहुण्या आल्यात ना, म्हणून दोघींसाठी केला," ती म्हणाली. ताईनं ग्लास घेतला. चहा भयंकर गोड होता, पावडर फार उकळलेली. ताईनं तो सगळा प्यायला.

ती मुलगी आमच्यासमोर पायरीखाली बसली आणि ताईकडं बघत म्हणाली, "तुमी तरुणपणी लई देखण्या असाल नाही? किती गोऱ्या हायात अजून." ताई हसली नाही, रागावलीही नाही. "ग्लास धुवून देते," म्हणाली. मुलीनं तिच्या हातातून ग्लास ओढून घेतला, "राहू द्या हो, मी धुते," आणि गेली.

मी ताईला म्हणाले, "पुढच्या वेळी येताना एक ठोंब आणते. पुढं बोअरचं पाणी पडतं तिथं लावू."

"नको."

"का गं?"

"एकटीला किती पाती लागत्यात? आन् आता चहाच सोडलाय मी. एका कपासाठी गाळणी, भांडं, सगळं घासत बसा."

"माझ्याकडं चल मग. राहा तिकडंच."

आत्याबाई तोवर वारल्या होत्या. माझ्या घरात कुणाचा अडथळा नव्हता. ताईनं विचार केला असावा. मग म्हणाली, "चार दिवस बरं वाटंल. पाचव्या दिवशी तुझ्याकडं कोण तरी येईल, आन् तुला सांगावं लागंल मी कोण म्हणून."

"बहीण म्हणून सांगीन."

"सांगशील की. पर तुला सांगावं लागंल." तिनं पदरानं पायरी झटकली. "उठ आता. अंधार पडायच्या आत पोच."

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली, त्याच्या पुढं नाही. मी कोपऱ्यावर वळून बघितलं तेव्हा ती आत गेली होती आणि पुढच्या खोलीतला दिवा अजून लागला नव्हता. घरी पोचल्यावर मी फोन केला. बराच वेळ घंटी वाजल्यावर तिनं उचलला.

"पोचले गं."

"बरं."

"जेवलीस का?"

"जेवते आता," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.